गोतावळ्याच्या भेटीला गाडीने रत्नागिरीत

एप्रिल निम्मा सरला की वाचकांचे तेच प्रश्न फिरून येतात. "मुंबईहून गाडीने निघतोय. चिपळूणला आत्या, गुहागरला मामा, रत्नागिरीत नणंद आणि शेवटी राजापूरजवळ आमचं मूळ घर. चार दिवसांत बसेल ना?" "सगळी चुलत भावंडं बऱ्याच वर्षांनी एकत्र जमणार आहोत, तीसेक माणसं होतील. घर पुरेल का?" "पुण्याहून कुठला घाट घ्यावा?"

जवळपास प्रत्येक जण रस्त्यापासून सुरुवात करतो. खरं तर रस्ता हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. बेत फसतो तो तारखांवर, घरांच्या संख्येवर आणि गावच्या घरातल्या पाण्यावर. म्हणून तुम्हीही याच क्रमाने ठरवा आणि नकाशा शेवटी उघडा.

तारखा: शाळेची सुट्टी लांब, कामाचे दिवस थोडे

राज्य मंडळाच्या शाळांची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत असते. तेवढ्यावर जाऊन मेच्या शेवटच्या आठवड्यातला बेत आखू नका. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजीच कोकणात पोचला आणि शेवटचा आठवडा राखून ठेवलेल्यांची तारांबळ उडाली. दरवर्षी असं होत नाही, पण वळिवाचा पाऊस, वारा आणि त्यामागून जाणारी वीज मेच्या उत्तरार्धात ठरलेलीच. मोठा मेळावा असेल तर 5 ते 20 मे एवढेच दिवस धरून चाला. 1 मेला जोडून आलेला शनिवार-रविवार टाळता आला तर उत्तम, कारण त्या दिवशी अख्खी मुंबई पेणच्या दिशेने निघालेली असते.

तारीख पक्की करण्याआधी गावी एक फोन करून तीन गोष्टी विचारा. वाडीची सार्वजनिक पूजा किंवा गोंधळ कधी आहे? भावकीत लग्न कुठलं आहे? विहिरीला पाणी किती आहे? पूजेच्या दिवसाला जोडून गेलात तर निम्मे नातेवाईक एकाच मांडवात भेटतात आणि घरोघरी फिरणं वाचतं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच घरी पाहुणे म्हणून उतरलात, तर यजमान हसून स्वागत करतील, पण मनात काय म्हणतील ते विचारू नका.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गोष्ट: यांत्रिक होड्यांची पावसाळी मासेमारीबंदी 1 जूनपासून सुरू होते. पापलेट-सुरमईचा बेत त्याआधीच उरकायला हवा.

किती घरं, किती दिवस

मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. कशेडीपासून राजापूरपर्यंतचा महामार्गच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यात किनाऱ्याने जाताना दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. नकाशावर चार बोटांवर दिसणारं गाव प्रत्यक्षात दोन तासांवर असतं.

माझा हिशोब साधा आहे: दिवसाला दोन घरं. एका घरी जेवण, दुसऱ्या घरी चहा. तिसरं घर घेतलंत की पहिल्या घरी घड्याळ बघत बसता आणि तिसऱ्या घरी रात्री नऊला पोचता. तिथे कुळथाचं पिठलं-भात सहापासून झाकून ठेवलेलं असतं. चार दिवसांत आठ घरं हीसुद्धा वरची मर्यादा समजा.

मुक्काम मात्र रोज बदलू नका. उत्तरेकडच्या भेटींसाठी चिपळूण किंवा गुहागर आणि दक्षिणेकडच्या भेटींसाठी रत्नागिरी, असे दोनच तळ ठेवा. गणपतीपुळे आणि वेळणेश्वरला एमटीडीसीची निवासस्थानं आहेत, शिवाय किनारपट्टीवर निवास-न्याहरीची घरगुती सोय भरपूर आहे. नातेवाईक असताना बाहेर उतरणं म्हणजे अपमान, ही समजूत अजून आहे. त्यावर उपाय एकच. आरक्षण करण्याआधी घरातल्या मोठ्यांना स्वतः फोन करा आणि सांगा, "जेवायला तुमच्याकडेच आहोत, झोपायला तेवढे बाहेर." हे त्यांना दुसऱ्याकडून कळलं, तर मग रुसवा अटळ.

खाड्यांवरच्या फेरीबोटी मात्र जरूर वापरा. त्यात चारचाकी जाते, वेळ वाचतो आणि मुलं खूश होतात.

- दाभोळ–धोपावे: दापोलीहून गुहागरला जायला. नाहीतर खेड-चिपळूणचा मोठा वळसा पडतो.
- तवसाळ–जयगड: गुहागर, हेदवी, वेळणेश्वरकडून गणपतीपुळ्याला उतरायला.
- बाणकोट खाडीवरची वेशवी–बागमांडला: मंडणगड तालुक्यातून हरिहरेश्वर-श्रीवर्धनकडे.

शेवटची बोट किती वाजता आहे ते त्याच दिवशी सकाळी विचारा. सुट्टीत गाड्यांची रांग लागते. संध्याकाळी धक्क्यावर पोचून बोट हुकली, तर शंभरेक किलोमीटरचा फेरा रात्रीच्या अंधारात पडतो.

रस्ता: कुठून निघताय त्यावर

- मुंबई-ठाण्याहून: पनवेल, पेण, माणगाव, महाड, पोलादपूर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, हातखंबा. मुंबई ते रत्नागिरी सुमारे 330-340 किलोमीटर. कशेडी घाटाला आता बोगद्याचा पर्याय आहे, त्यामुळे पोलादपूर-खेडमधली जुनी वळणं टळतात. पण रस्त्याचं चौपदरीकरण तपाहून अधिक काळ चाललंय. अर्धवट पूल, अचानक येणारी वळणरस्त्याची पाटी आणि माणगाव, संगमेश्वरसारख्या ठिकाणची कोंडी गृहीत धरूनच निघा. नकाशातला वेळ दिसेल त्यात दोन तास मिळवा.
- पुण्याहून दापोली-मंडणगडला: ताम्हिणीने माणगाव आणि पुढे महाड. भोरहून वरंधा घाटानेही महाड गाठता येतं, पण रस्ता अरुंद आहे आणि घाट अधूनमधून बंद असतो. आदल्या दिवशी चौकशी करा.
- पुण्याहून चिपळूण-गुहागरला: सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट.
- कोल्हापूर-सांगलीकडून: मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा. कोल्हापूर ते रत्नागिरी सुमारे 130 किलोमीटर. या मार्गाच्याही रुंदीकरणाचं काम चालू आहे. राजापूर, लांजा गाठायचं असेल तर अणुस्कुरा घाट जवळचा.

पुणेकरांचा नेहमीचा वाद "ताम्हिणी की कुंभार्ली" हा असतो. वादाची गरजच नाही. पहिलं घर कुठल्या तालुक्यात आहे, त्यावर घाट ठरतो.

पहाटे चारला निघा, रात्री दहाला नको. "रात्री रस्ता मोकळा असतो" हे खरं, पण कामाच्या पट्ट्यात वळणरस्त्यांना दिवे नसतात आणि दिवसभर कचेरी करून चालवायला बसलेल्या माणसाची झोप पहाटे घाटातच येते. लहान मुलं गाडी लागून उलट्या करत असतील, तर घाट सुरू होण्याआधी पोटभर वडापाव खायला घालू नका. घाट उतरल्यावर खाऊ दे.

गाडी, टोल आणि तुमचे हक्क

सात आसनांच्या गाडीत नऊ जण बसवून "मुलं मांडीवर बसतील" म्हणणं कोकणात सर्रास चालतं. व्यावसायिक प्रवासी गाडी असेल तर जादा माणसामागे दोनशे रुपये दंड आहेच आणि जादा माणसं उतरवल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. दंडापेक्षा मोठी गोष्ट ही की अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा तुमच्याविरुद्ध उभा राहू शकतो.

त्याहून मोठा खड्डा भाड्याच्या गाडीचा. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे देऊन नेणं बेकायदा आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकी याच कारणावर बोट ठेवते. चालकासह भाड्याने घ्यायची तर पिवळी पाटी, स्वतः चालवायला घ्यायची तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. पाटी बघा, मग दर ठरवा.

बाकी थोडक्यात:

- फास्टॅग चालू नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर जादा टोल पडतो. 15 नोव्हेंबर 2025 पासून यूपीआयने दिल्यास सव्वापट. उलट तुमचा फास्टॅग चालू आहे, त्यात पैसे आहेत आणि नाक्यावरचं यंत्रच बंद असेल, तर पैसे न देता शून्य रकमेची पावती घेऊन पुढे जाण्याचा तुम्हाला हक्क आहे.
- फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी गाड्यांना आणि फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. एका कोकणफेरीसाठी तो घेऊ नका.
- वाहन परवाना, आरसी, विमा डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवलेले कायद्याने ग्राह्य आहेत. नेटवर्क नसणाऱ्या गावांचा विचार करून आधीच उघडून ठेवा.
- राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसह कुठल्याही तातडीसाठी 112.
- रस्ते अपघातातल्या जखमींवर नोंदणीकृत रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना मे 2025 पासून लागू आहे. दाखल करताना तिचा उल्लेख करून उपचार मागा.

सगळ्यांनी गाडीनेच यायला हवं असंही नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. एसटीत पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व वयाच्या महिलांना निम्मं तिकीट. घरातले म्हातारे दोघे रेल्वेने किंवा एसटीने आणि बाकीचे गाडीने, ही वाटणी पुष्कळदा सगळ्यांच्याच पाठीला बरी पडते. खासगी बसवाल्याने सुट्टीत मनमानी भाडं सांगितलं तर लक्षात ठेवा: राज्य सरकारच्या एप्रिल 2018 च्या आदेशानुसार त्याच प्रकारच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट जपून ठेवा आणि आरटीओकडे तक्रार करा. वाडीतली तीस-चाळीस माणसं एकत्र निघत असतील, तर एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. आगारात जाऊन बोला.

मूळ घर: माणसं मावतात, पाणी मावत नाही

खरी परीक्षा इथे आहे. कोकणातलं जुनं घर झोपायला पन्नास माणसं सहज घेतं. ओटी, पडवी, माळा, खळं, कुठेही चटया पसरा. पण न्हाणीघर एक, संडास एक किंवा दोन आणि विहीर मेमध्ये तळाला. रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात पाणी धो-धो पडतं, पण जांभ्याच्या कातळात ते ठरत नाही. मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो, हे दरवर्षीचं आहे.

म्हणून जमवाजमव करणाऱ्याने महिनाभर आधी गावातल्या माणसाला हे विचारावं:

- नळाचं पाणी रोज येतं की दिवसाआड? साठवणाची टाकी किती लिटरची?
- पाण्याचा खासगी टँकर घराजवळ पोचतो का? पायऱ्यांची पाखाडी उतरून जावं लागत असेल तर पाइप किती लागेल?
- संडासाची टाकी शेवटची कधी उपसली?
- वीज गेली तर पंपाचं काय?

दरडोई एक बादली असा हिशोब धरला तरी तीस माणसांची आंघोळ म्हणजे सहाशे लिटरच्या आसपास, भांडी-धुणं वेगळं. तेवढं पाणी नसेल तर माणसं वाटा: काही चुलत घरी, काही निवास-न्याहरीत. कपडे धुवायला काढू नका, जाताना तसेच न्या. मुलांना नळ सुटा सोडायची सवय असते. त्यांना पहिल्याच संध्याकाळी विहीर दाखवा. सांगून समजत नाही ते वाकून बघितल्यावर समजतं.

पाखाडीचा विचार गुडघेदुखीवाल्यांसाठीही करा. गाडी रस्त्यावर, घर पन्नास-साठ पायऱ्या खाली, अशी घरं भरपूर आहेत. आजींना उतरवायला दोन तरणी माणसं आणि हाताची प्लास्टिकची खुर्ची लागते. पायऱ्यांवर उजेड लागतो. हे पोचल्यावर सुचलं तर उशीर झालेला असतो.

आता स्वयंपाक. मुंबईकर सुट्टीवर येतात, पण गावच्या वहिनीला सुट्टी नसते. सकाळी घावणे, दुपारी फणसाची भाजी आणि आमरस, रात्री तीस माणसांची पंगत, असं तिने तीन दिवस चुलीपुढे उभं राहायचं आणि चौथ्या दिवशी तुम्ही "काय मजा आली" म्हणत निघायचं, हे आता थांबवायला हवं. तीन मार्ग आहेत. दिवसातलं एक जेवण गावातल्या महिला बचत गटाला किंवा आचाऱ्याला सांगा. बहुतेक मोठ्या गावांत ही सोय होते. किंवा पाळ्या लावा, आणि त्यात पुरुषांचीही नावं घाला. किंवा निदान मदतीला एक-दोन बायका रोजावर ठेवा आणि त्यांचा रोज आलेल्यांनी द्या.

पैशांचं आधी बोला. वर्गणी दर माणशी की दर कुटुंबी, मुलांची निम्मी का, हे फोनवरच ठरवून एकाकडे जमा करा आणि निम्मी रक्कम जाण्याआधीच गावी पाठवा. गॅसचे सिलिंडर, तांदूळ, तेल, टँकर यांचा खर्च घरातल्या माणसाने खिशातून करायचा आणि नंतर कोणी विचारलं तर "असू दे रे" म्हणायचं, ही लाज त्याच्यावर आणू नका. निघताना पाकीट हातात देणं वेगळं आणि हिशोब पुरा करणं वेगळं. दोन्ही करा.

भेटीची रीत

यात फार सांगण्यासारखं नाही. वर्षभरात जिथे कोणी गेलं असेल त्या घरी आधी जा, आणि तिथे पेढ्यांचा बॉक्स नेऊ नका. ग्रामदेवतेला सगळ्यांनी मिळून नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं असेल तर गुरवाला आदल्या दिवशी सांगा. कुलदैवताला सगळ्यांनी मिळून जायचं असेल, मग ते गुहागरचं व्याडेश्वर असो, कोळिसऱ्याचं लक्ष्मीकेशव असो की आडिवऱ्याची महाकाली, तर प्रसाद-भोजनाची माणसं मोजून आधी कळवा. आणि ज्या घरी जाणं जमणार नाही, तिथे स्वतः फोन करून तसं सांगा. गावात तुमची गाडी आल्याचं तुमच्या आधी पोचलेलं असतं.

जमिनीचा विषय निघेलच

सगळे वारस एका ओटीवर बसले, की तिसऱ्या संध्याकाळी कोणीतरी सातबारा काढतोच. तो जरूर काढू द्या. बोलणं व्हायला हवं, कारण पुढच्या पिढीत नावं दुप्पट होतात आणि पत्ते हरवतात. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: माहिती गोळा करणं आणि सह्या करणं. पहिलं तिथेच करा, दुसरं तिथे करू नका.

माहिती म्हणजे काय? डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत मिळतो. तो आणि घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, दोन्ही जाण्याआधी काढून न्या. त्यावर आजोबांचंच नाव असेल किंवा एका काकांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असा शेरा असेल, तर बाकीच्या वारसांची नोंद व्हायची राहिली आहे. मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावं-पत्ते आणि वंशावळ या भेटीतच एका कागदावर उतरवा. थोरल्या आत्याला बसवून विचारलंत तर वंशावळ एका बैठकीत होते. पुढे वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, किंवा ई-हक्क प्रणालीवर करता येतो. सरकारी कचेऱ्या शनिवार-रविवार बंद असतात, म्हणून एक कामाचा दिवस हाती ठेवा.

हक्कांबद्दल वारंवार होणारे गैरसमज:

- "मुलींची लग्नं झाली, त्यांचा काय संबंध?" हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. 2005 च्या दुरुस्तीने तो दिला आणि 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी वडील 2005 साली हयात असण्याची अट नाही. मुस्लिम कुटुंबांत वारसा त्यांच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे ठरतो. तिथेही मुलीचा वाटा असतोच.
- "सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे हक्क गेला." सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. नाव नसल्याने हक्क बुडत नाही, सिद्ध करायचे कष्ट मात्र वाढतात.
- "कागदावर लिहून दिलं, झालं हक्कसोड." हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. उलट बाजूने बघा: "नुसती औपचारिकता आहे" म्हणत कोणी बहिणींकडून सह्या घेत असेल, तर बहिणींनी कागद घरी नेऊन वकिलाला दाखवावा. मुखत्यारपत्राचंही तसंच.

"तुझा विश्वास नाही का?" हा प्रश्न हमखास येईल. "आहे, म्हणूनच नीट करू," एवढं उत्तर पुरे.

विंचू, साप आणि समुद्र

जांभ्याच्या गडग्यांत, लाकडाच्या ढिगात आणि कौलांत उन्हाळ्यात विंचू असतात. कोकणातला लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावरच्या उपचारावर केलेलं काम जगभर मान्य झालं, आणि त्याचं सार आपल्यासाठी एवढंच की वेळ न घालवता दवाखाना गाठा. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर मांत्रिक नको, चुना नको, थेट प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जिल्हा रुग्णालय. सर्पदंशालाही हेच. चिरा घेऊ नका, करकचून बांधू नका. मुलांच्या चपला सकाळी झटकून द्या आणि पोचल्याच दिवशी जवळचं आरोग्य केंद्र कुठे ते विचारून ठेवा.

समुद्राचं: गणपतीपुळ्याची पुळण दिसायला सौम्य, पण पाणी झटकन खोल होतं आणि तिथे दरवर्षी माणसं बुडतात. जीवरक्षकाने शिट्टी वाजवली की बाहेर या. गाडी पुळणीवर नेऊ नका. भरतीत रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत इंजिनात खारं पाणी गेलेलं असतं, आणि पोलिस कारवाई करतात ती वेगळीच.

परतीचा आंबा

घरच्या बागेतला असेल तर प्रश्न नाही. विकत घेणार असाल तर रस्त्याकडेच्या पहिल्या टपरीवर थांबू नका, नातेवाइकांच्या ओळखीच्या बागायतदाराकडून घ्या. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा पेटीवर बागायतदाराचं नाव-गाव आहे का ते बघा. मेच्या मध्याला भाव उतरलेले असतात. प्रवासासाठी तयार पण हिरवा, कडक आंबा मागा. एकाच रंगाचा पिवळाधमक आणि वास नसलेला आंबा दिसला तर कार्बाइडची शंका घ्या, त्याचा वापर कायद्याने बंद आहे.

पेट्या उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तासन्‌तास राहू देऊ नका. वाटेत जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत लावा. घरी पोचल्यावर त्याच रात्री पेटी उघडून आंबे पेंढ्यात एकेरी थरात मांडा, दोन-तीन दिवसांनी चाळवा आणि डागी आधी बाजूला काढा. आणि पेट्या कोणाकोणाच्या किती, हे गाडीत चढवतानाच त्यांच्यावर खडूने लिहा. पनवेलच्या पुढे त्यावरून भांडण होतं.